जखम ज्याची त्यानं लिहायची

माझी कीव करायची असंल तर हे वाचूच नका, आधीच सांगते. किवेनंच माझं वाटोळं केलंय. हेच एखाद्या दुश्मनानं केलं असतं तर त्याच्या नावानं बोटं मोडून मी मोकळी झाले असते. पण केलंय चांगल्या माणसांनी, आणि चांगल्या माणसांना शिव्या द्यायची सोय नसते. तरी मी देणार आहे.

मी दीपमाला. मूळची पाचोडची, आता शहरात आई आणि सोमनाथदादासोबत मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहते. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार मला डायलिसिसच्या मशीनला जोडतात, चार-चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया असतात, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा असतो. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोट आला. आजाराचं एवढं बस झालं. कारण गोष्ट आजाराची नाही, लढाईची आहे.

आजारी पडल्यापासून माझ्याशी कुणी भांडत नाही. हे ऐकायला बरं वाटतं, पण भोगून बघा. आई मला बादली उचलू देत नाही. कॅरम खेळताना दादा राणी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवतो आणि मग नेम चुकल्याचं नाटक करतो, तेही इतकं वाईट की मला त्याच्या तोंडावर स्ट्रायकर फेकावासा वाटतो. चुलतबहीण मंजुषा, जिच्या झिंज्या उपटत मी लहानाची मोठी झाले, ती आता फोनवर माझ्या प्रत्येक बोलण्याला व्हय व्हय करते. मी मुद्दाम तिच्या नवऱ्याला नावं ठेवून बघितली. तरी व्हय म्हणली. त्या दिवशी फोन ठेवून मी रडले.

म्हणून मला बारा बुरूज लागत होता, एखाद्याला तंबाखू लागते तसा.

बारा बुरूज हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप आहे. वीस-पंचवीस लोक, बरेचसे ह्याच शहरातले, काही कन्नड, फर्दापूर अशा गावांकडचे. तिथं खेळ चालतो तो नुसता लिहून. चित्रं नाहीत, आवाज नाही, बटणं दाबायची नाहीत. एक पडका किल्ला आहे, जो जगात कुठंच नाही. त्याला बारा बुरूज, आणि एकेक बुरूज कुणीतरी धरून बसलेलं. प्रत्येकानं आपलं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. एकानं डाव लिहिला की दुसऱ्यानं उत्तराचा डाव लिहायचा, चोवीस तासांच्या आत. खेळाबाहेरचं काही बोलायचं असंल तर दुहेरी कंसात. कंसात लिहिलेलं किल्ल्यात कुणाला ऐकू जात नाही.

हे सगळं उभं केलं कन्नडच्या राजकुमार सरांनी. ते तिथं हायस्कूलवर शिकवतात आणि ग्रुपचे पंच आहेत. लढाईचे नियमही त्यांचेच, तीन. पहिला, वार करणाऱ्यानं फक्त वार लिहायचा. तो लागला का, कुठं लागला, किती लागला, हे ज्याच्यावर वार झाला त्यानं लिहायचं. सर म्हणायचे, जखम ज्याची त्यानं लिहायची. दुसरा, बाहेरचं आत आणायचं नाही. तुमच्या पात्रानं जे पाह्यलं नाही, ऐकलं नाही, ते त्याला माहीत नाही. तिसरा, मेला तो मेला. पात्र मेलं की माणसानं ग्रुप सोडायचा, दुसरं नाव घेऊन परत यायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, जखम ज्यानं त्यानं लिहायची म्हटल्यावर कोण लिहील? सगळे वार चुकवत बसतील. तसे चुकवे निघतातच. पण ते टिकत नाहीत. सारखं सारखं हवेतून उडी मारून वाचणाऱ्याशी कुणी लढतच नाही, आणि मग त्याला बुरुजावर एकट्यालाच बसावं लागतं. वार नीट आला, आपली चूक झाली, तर घ्यायचा अंगावर. इमानदारी म्हणजे तिथं एवढीच होती, आणि तेवढ्यावर तो सगळा किल्ला उभा होता.

माझ्या पात्राचं नाव सटवी. आई माझ्यावर चिडली की मला सटवे म्हणायची. आजारी पडल्यापासून म्हणत नाही, म्हणून मी ते स्वतःच घेतलं. सटवी दांडपट्टा फिरवते, कुणाचं ऐकत नाही, जेवताना मचमच आवाज करते. मी आजारी आहे हे ग्रुपात कुणाला माहीत नव्हतं. नाव सटवी, फोटो दिव्याचा, बाकी काही नाही.

पहिलं वर्ष सटवीनं नुसता मार खाल्ला. गयास म्हणून एक जण आहे, शहागंजकडं त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. त्याचं पात्र लोहाऱ्या, हातात घण. त्यानं एकदा असा घण घातला की सटवीच्या डाव्या हाताची करंगळी गेली. मी स्वतः लिहिलं, हाडाचा चुरा झाला, बोट तोडावं लागलं. मशीनवर पडल्या पडल्या मी इतकी हसले की शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी सिस्टरला हाक मारली. कुणीतरी मला मारलं होतं. मनापासून, पूर्ण ताकदीनं, मी कोण आहे याचा विचार न करता. तो आनंद निरोगी माणसाला सांगून कळायचा नाही.

मग मी शिकले. कुठं पाय ठेवला, सूर्य कुणाच्या डोळ्यांवर आहे, कालच्या डावात कोणता हात दुखावला होता, सगळं ध्यानात ठेवायला लागले. जिंकायला लागले. गेल्या दिवाळीला गयासच्या लोहाऱ्याला हरवून मी पाणबुरूज घेतला. बारा बुरुजांतला सगळ्यात मोक्याचा, कारण किल्ल्यातलं पाण्याचं टाकं फक्त तिथंच. हिरवंगार, काठोकाठ भरलेलं, वर शेवाळ. खाली सगळा किल्ला तहानलेला आणि वर टाक्याच्या काठावर पाय सोडून सटवी बसलेली. मी एक लिटरची बाटली उशाशी ठेवून हे लिहायची. यात गंमत आहे हे मलाही कळतं.

त्यानंतर सटवी हरलीच नाही. सगळे वर चढून यायचे आणि हरून जायचे. ग्रुपात माझं नाव झालं. सटवीशी पंगा नको, असं लोक कंसात लिहायचे. दादाला मी पहिल्यांदा तेव्हाच सांगितलं की मी एका खेळात पहिली आहे. तो म्हणला वा, आणि ते वा मला आवडलं, कारण त्याला खेळातलं काही कळत नव्हतं आणि मला मुद्दाम जिंकवायची सोयही नव्हती.

संशय आला तो शेवाळामुळं.

मेघाचं पात्र दोरवाली. ती दोन बुरुजांच्या मधे दोर बांधून त्याच्यावरून चालत येते, डोक्यावर घागर घेऊन. वर्षभर आम्ही सगळे ते वाचत आलोय. पावसात चालली, वाऱ्यात चालली, एकदा बाण लागलेल्या पायानं चालली. ती पाणबुरुजावर आली, तीन डाव आमची जुंपली, आणि चौथ्या डावाला मेघानं लिहिलं की दोरवालीचा पाय शेवाळावरून घसरला आणि ती पडली.

मी म्हटलं, अगं बाई, तू? तू घसरलीस?

मग मी वर वर जाऊन मागच्या लढाया वाचल्या. लोहाऱ्या कसा हरला? पाय घसरला. त्याच्या नंतर आलेला फर्दापूरचा भालेकरी? घसरला. फरहानचा मीरन, ज्याच्याएवढी तलवार ग्रुपात कुणाची नाही, तो? तोही घसरला. मेल्यांना दुसरं काही सुचलंसुद्धा नव्हतं. सगळ्यांनी मिळून एकच शेवाळ वापरलं होतं. आणि कोणत्या दिवशी घसरले ते बघितलं, तर मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोमवारी-बुधवारी हीच माणसं बरी लढायची. माझ्या मशीनच्या दिवशी सगळ्यांच्या पायाखाली शेवाळ यायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीनचे दिवस त्यांना कुणी सांगितले, हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. डायलिसिसच्या खोलीत सुमय्या म्हणून टेक्निशियन आहे. माझ्या हातात सुया तीच घालते, तिचा हात सगळ्यांत हलका आहे. मागच्या गणपतीत एकदा मशीनवर माझ्या पायात असे गोळे आले की फोन धरवेना, आणि डावाची वेळ संपत आली होती. मी डाव तोंडानं सांगितला आणि सुमय्यानं माझ्या फोनवर टाइप केला. तिनं ग्रुपचं नाव वाचलं तेव्हा ती हसली होती. का हसली ते मी विचारलं नव्हतं.

आता विचारलं. ती सुईवर चिकटपट्टी लावत होती, हात तसाच थांबला. फरहान तिचा धाकटा भाऊ निघाला. घरी असला की तेच चालतं त्याचं, म्हणून तिनं नाव ओळखलं होतं. तिनं मान खाली घातली आणि म्हणली,

"मैंच बोली उसकू. तेरे भले के वास्तेच बोली. बुरा नक्को मान."

तिनं फरहानला सांगितलं, फरहाननं गयासला, गयासनं सगळ्यांना. सटवी म्हणजे एक पोरगी आहे, आजारी आहे, फार दिवस काढेल असं नाही, तिला जरा संभाळून घ्या. सगळे तयार झाले. एकानंही नाही म्हटलं नाही. बाहेरचं आत आणायचं नाही हा ज्यांचा नियम, ते राजकुमार सरसुद्धा गप्प राह्यले.

गणपती आधी, दिवाळी नंतर. म्हणजे पाणबुरूजसुद्धा मी जिंकला नव्हता. तो मला दिला होता, आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदं नेतात तसा. मी चार तास छताकडं बघत पडून राह्यले. मला आठवत होतं ते दादाचं वा.

फरहान शनिवारी बहिणीचा डबा घेऊन हॉस्पिटलात येतो, हे सुमय्यानंच सांगितलं. मी मशीनवरून उठले की मला तासभर चक्कर असते, तरी आईचा हात सोडवून जिन्यापाशी जाऊन उभी राह्यले. हडकुळा, चष्मा लावलेला पोरगा, वाळूजला कुठल्याशा कंपनीत हिशेब लिहितो. ह्याच्या तलवारीला मी दोन वर्षं घाबरले होते. त्यानं मला बघितलं आणि चेहरा असा केला, जसा सगळे करतात. ताई, बसा ना, म्हणला.

मी म्हटलं, ताई म्हणू नको. तिथं मी तुझी ताई नाही. मग जे बोलले ते एका दमात बोलले. पाणबुरुजासाठी मी तुला बोलावते आहे, मरेपर्यंतची लढाई. तू हरलास तर तू ग्रुप सोडायचा, मी हरले तर मी. मला खरं लढून बघायचंय. मी जिंकले तर तो बुरूज माझा होईल, आता तो तुमचा आहे. आणि हरले तर निदान काहीतरी माझं झालं असंल.

तो चष्मा पुसत राह्यला. ग्रुप सुटला तर तुम्ही मशीनवर काय करणार, असं त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, ते बाहेरचं आहे, आत आणू नको.

"शेवाळ नाही," मी म्हटलं. "कसम खा."

"कसम," तो म्हणला.

रविवारी लढाई सुरू झाली. सगळा ग्रुप गप्प बसून वाचत होता. आणि काय सांगू तुम्हाला, त्यानं शब्द पाळला. मीरन वर आला तो सूर्य पाठीशी घेऊन, मला दिसेना असा. पहिल्याच डावात त्यानं सटवीला टाक्याच्या कडेला रेटलं. मी पट्टा खालून घातला, त्यानं मांडीला जखम लिहिली, खरी, रक्त बुटात उतरलं असं लिहिलं. मंगळवारी मी मशीनवर होते, त्याला माहीत होतं की मी मशीनवर आहे, आणि तरी त्यानं माझा उजवा खांदा फोडला. मी लिहिलं, हाड दिसलं. लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आईला वाटलं सुया दुखतायत. मला कुणी इतकं चांगलं वागवलं नव्हतं. त्या तीन-चार दिवसांत मी आईशीसुद्धा भांडले, मिठावरून, आणि आईनं मला उलट उत्तर दिलं.

गुरुवारी घात झाला.

सकाळपासून बरं नव्हतं. मशीनवर दुसऱ्या तासाला माझा बीपी खाली गेला, डोळ्यांपुढं पिवळं झालं आणि मला काही कळेना. शुद्ध आली तेव्हा पलंग पायाकडून उचललेला होता, सलाईन चालू होतं आणि सुमय्या माझे गाल थोपटत होती. मग ती खिडकीशी गेली आणि फोनवर कुणाशी तरी बोलली. कुणाशी ते मी विचारलं नाही. मी माझा फोन मागितला. डाव माझा होता.

मी डाव लिहिला, आणि तो वाईट लिहिला. डोकं चालत नव्हतं. सटवीचा खांदा फुटलेला आहे हे विसरून मी तिला त्याच हातानं पट्टा डोक्यावर उचलायला लावला. पाठवला आणि मग दिसलं. तो हात वरच अडकणार होता, मान उघडी. ग्रुपातल्या कुणालाही दिसलं असतं. मला भीती वाटली नाही. वाटलं, हरले, ठीक आहे, माझी चूक होती, मी थकले होते आणि लढाईत थकलेला मरतो. पहिल्यांदाच माझा थकवा नुसता थकवा झाला होता.

फरहानचं उत्तर तासाभरात आलं.

"मीरन पुढं झेपावला. तलवार सटवीच्या मानेच्या रोखानं आली. पण शेवाळावर त्याचा पाय घसरला आणि पातं तिच्या कानाजवळून हवेत गेलं."

शेवाळ. मी फोन उशीवर ठेवला. परत उचलला, परत वाचलं. खाली सगळे लिहायला लागले होते, अरेरे, थोडक्यात वाचली, नशीबवान सटवी. नशीबवान! मला त्या क्षणी फरहानचा इतका राग आला की समोर असता तर मी सुईचा हात उचलून त्याला मारलं असतं. शिव्या सुचत होत्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. आणि मग तिसऱ्यांदा वाचताना मला ते दिसलं. घाईत, दयेच्या भरात, त्यानं नियम मोडला होता. मीरन घसरला, हे लिहायचा त्याला हक्क होता. पातं हवेत गेलं, हे लिहायचा नव्हता. वार त्याचा. लागला की नाही ते मी लिहायचं.

मी अंगठ्यानं सावकाश लिहिलं.

"मीरनचा पाय घसरला असंल. पातं हवेत गेलं नाही. सटवीचा हात वर अडकला होता, मान उघडी होती. पातं मानेत शिरलं. ती टाक्याच्या काठावर बसली, पट्ट्यातून हात सोडवला आणि ओंजळ भरून पाणी प्याली. मग अजून एक ओंजळ प्याली. मग मेली."

पाठवलं. मला बरं वाटत होतं. वाटलं, बास, आता हे माझं आहे. कुणी दिलेलं नाही.

मग राजकुमार सर आले, दुहेरी कंसात. त्यांनी लांबलचक लिहिलं. परिस्थिती पाहता पंच या नात्यानं ते हा मृत्यू रद्द करत होते. सटवी जखमी झाली असं सर्वांनी समजावं, पाणबुरूज तिच्याचकडं राहील. मी लिहिलं, सर, जखम ज्याची त्यानं लिहायची, तुमचाच नियम आहे. त्यांनी लिहिलं, नियम माणसांसाठी असतात, बाळा. बाळा! चाळिशीचा बाप्या, तीन वर्षं मला सटवी म्हणत होता. आणि त्याच्या खाली रांग लागली. हात जोडलेले, फुलं, लाल बदाम. मेघानं लिहिलं, ताई लवकर बऱ्या व्हा, आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत. कोण कुठला एक जण, ज्याच्याशी मी कधी लढलेसुद्धा नाही, त्यानं लिहिलं की त्याच्या मावशीचंही डायलिसिस होतं आणि कसलासा काढा फार गुणाचा आहे.

कंस आणि किल्ला, आत आणि बाहेर, सगळं एक झालं. जिथं मी पेशंट नव्हते असं एकच ठिकाण होतं, तिथंही आता उशाशी सफरचंदं आली.

मी ग्रुप सोडला. मेलेल्यानं सोडायचा असतो. आईनं चहा टाकला तेवढ्यात सरांनी मला परत आत घेतलं. मी परत सोडला. दुसऱ्या दिवशी परत घेतलं. तसं होऊ नये म्हणून फोनमधे सोय असते, मला ती माहीत आहे. मी ती केली नाही. खरं सांगते, केली नाही, कारण मंगळवारचे ते चार तास समोर दिसत होते.

फरहाननं एकदा जिन्यात गाठलं. त्याला रडू येत होतं. सुमय्यानं फोन केला, तुम्ही बेशुद्ध होतात, माझ्या हातानं वार लिहवेना, असं म्हणला. मी त्याला म्हटलं, मंगळवारी लिहवला होता की. वाईट माणूस नाही तो. तेच तर दुखणं आहे.

शेवटी त्यांनी माझं अर्धं ऐकलं. सटवी मेली, हे मान्य केलं. पण ग्रुप मी सोडायचा नाही, आणि पाणबुरुजावर ह्यापुढं लढाई बंद. गयासच्या लोहाऱ्यानं टाक्याच्या काठाशी एक दगड घडवून बसवला. मेघाच्या दोरवालीनं त्याला शेंदूर लावला. आता किल्ल्यातली माणसं सकाळी वर येतात, दगडापुढं हत्यार ठेवतात आणि मग लढायला जातात. सटवीमाय म्हणतात. जित्तेपणी कुणी धड लढलं नाही, आता नवस बोलतात.

आणि पाणी घालतात. रोज, न चुकता. दोरवाली घागर ओतते, लोहाऱ्या तांब्या ओततो, मीरन पाण्याची चामडी मशक भरून ठेवून जातो. फार छान लिहितात, दगडावरून पाणी कसं गार गार निथळतं, शेवाळात कसं मुरतं.

मशीनवर पडून मी ते वाचते. जीभ टाळ्याला चिकटलेली असते. सुमय्या बर्फाचा एक खडा आणून देते, तो गालात धरते आणि विरघळायची वाट बघते. खाली उत्तर लिहायला अंगठा शिवशिवतो. एकच डाव, दगड फोडून बाहेर येईल असा. पण मेला तो मेला, असा नियम आहे, आणि तो पाळणारी आता त्या ग्रुपात मी एकटीच उरले आहे.